परात की बशी

वसंतकाका, तुमची बशी आली.

चौदाव्याची पंगत उठली, माणसं पांगली आणि अमोलनं बॅगेच्या तळातून एक खोकं काढून माझ्यापुढे ठेवलं. "बाबांनी सांगितलं होतं, आणशील तेव्हा मेधाच्याच हातात दे." बातमी कळल्यावर घाईघाईत निघालेला तुमचा मुलगा, दोन शर्टांवर चौदा दिवस काढले त्यानं, पण अमेरिकेतून खोकं मात्र आठवणीनं आणलं होतं. मी उघडलं. आत परात असेल अशी मला मनातून आशा होती. निघाली बशी. मी सगळ्यांसमोर हसले आणि लगेच रडले. काकूंनी दोन्हीकडे लक्ष दिलं नाही, फक्त पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला.

शेजारच्या बाईंनी विचारलं, "हे काय गं?" तुम्ही असतात तर त्यांना एका शब्दात वाटेला लावलं असतं. मी आपली सांगत बसले. काकांचं धातू शोधायचं यंत्र होतं ना, त्याच्या दांडीला खाली गोल चकती असते, ती जमिनीवरून फिरवायची, खाली धातू असला की यंत्र वाजतं. यंत्राबरोबर जी आली ती मधल्या मापाची, तिला आम्ही ताटली म्हणायचो. आणखी एक घ्यायची होती. मोठी घेतली तर ती परात, लहान घेतली तर बशी. कोणती घ्यायची यावर आमचं दोन महिने भांडण चाललं होतं. बाई म्हणाल्या, "एवढ्यावरून?" मी म्हटलं, हो, एवढ्यावरूनच.

सहा वर्षांपूर्वी मी तुमच्याकडे पहिल्यांदा आले, तेव्हा नारायण पेठेतल्या तुमच्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात दुरुस्तीला एकच टीव्ही होता आणि तोही तुमचाच होता. लोकांनी टीव्ही दुरुस्त करून घेणं सोडलं होतं, बिघडला की नवाच आणत होते. अमोलसारखी पोरं कंपनीच्या खर्चानं परदेशी जात होती आणि माझ्यासारखी बाहेरगावची पोरं कंपनीच्या बसमध्ये झोपा काढत होती. तुमच्या दारावर सुबक अक्षरात पाटी होती: 'येथे हरवलेले शोधून मिळते. पुरलेले नाही.'

"काय हरवलं?" तुम्ही मान वर न करता विचारलंत.

"वेढणी. आईची."

"आईची की आपली?"

"आईची होती. आई गेली. आता माझी."

"मग आपली म्हणा. कुठे?"

"बिबवेवाडीला, मी राहते त्या बिल्डिंगच्या मागे. तीन दिवसांपासून शोधून राहिले."

तेव्हा तुम्ही चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे पाहिलंत. "वऱ्हाडातून आलात वाटतं. आपण राहा. शोधायचं मी बघतो."

मला राग आला होता, काका. आईला जाऊन दोन महिने झाले होते. वेढणी म्हणजे सोन्याचं एक साधं, पातळ वळं, तेही झिजलेलं. माझ्या बोटात ते सैल बसायचं म्हणून मी त्याला दोरा गुंडाळला होता. गोधडी वाळत घालताना जोरात झटकली आणि हात हलका लागला. खाली पाहिलं तर बोटात नुसता दोरा. आईचं माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं. तुमच्या दारात उभी राहून हे सगळं मी एका दमात सांगितलं. तुम्ही "हं" म्हणालात आणि ड्रॉवरमधून वही काढून माझं नाव लिहून घेतलंत.

रविवारी सकाळी तुम्ही यंत्र खांद्यावर टाकून आलात. बिल्डिंगच्या मागची ती जागा म्हणजे बांधकामवाल्यांनी सोडून दिलेला उकिरडाच होता. खिळे, तारांचे तुकडे, सळयांची टोकं, बाटल्यांची झाकणं आणि गुटख्याच्या चमकणाऱ्या पुड्या. कोपऱ्यात विजेची डीपी गुणगुणत होती. यंत्र सुरू केलं आणि ते जे केकाटायला लागलं ते थांबेना. तुम्ही एक खटका फिरवलात, आवाज बराच कमी झाला. "ही गाळणी. कचऱ्याचे आवाज गाळते," असं म्हणालात. उन्हं उतरेपर्यंत तुम्ही चालत होता, आणि मी खुरपं घेऊन मागे. नाही सापडली. शेवटी मीच म्हटलं, "जाऊ द्या काका. नशिबात नव्हती."

तुम्ही वायर गुंडाळलीत, फाटकापर्यंत गेलात आणि तिथून म्हणालात, "पुढच्या रविवारी एका शेतावर जायचंय. यायचं तर या. नाही आलात तरी माझं अडत नाही." मी आले. या शहरात रविवारी माझी वाट पाहणारं दुसरं कुणी नव्हतं, हे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं का, ते विचारायचं राहूनच गेलं.

त्या शेतावरच मला तुमचा नियम कळला. गाव नुकतंच शहराच्या हद्दीत आलेलं, जमीन विकलेली, पुढच्या महिन्यात तिथे इमारतीचा पाया खणणार होते. म्हाताऱ्या मावशींना त्याआधी एकदा शोधून पाहायचं होतं. "गवत काढताना पडली. हितंच बांधाच्या कडंला. लई वर्सं झाली, पर जागा ध्येनात हाय," त्या सांगत होत्या. सोन्याची एकच पुतळी, माळेतून निसटलेली. तासाभरात यंत्र वाजलं, तुम्ही खुरप्यानं माती मोकळी केलीत, पिवळं काहीतरी चमकलं आणि मी हात घातला. तुम्ही माझ्या मनगटावर चापट मारलीत. मग बाजूला झालात, मातीकडे बोट दाखवलंत आणि मावशींना म्हणालात, "घ्या. आपली आहे का बघा."

मावशी खाली बसल्या. पुतळी उचलली, पदरानं पुसली, कपाळाला लावली. "माझीच हाय," म्हणाल्या.

परत येताना मी विचारलं, आपण उचलून दिली असती तर काय बिघडलं असतं? तुमचं उत्तर अगदी रोखठोक होतं. "पहिल्यांदा एका बाईंना मी कुडी उचलून दिली. त्या कुडीकडे बघायच्या सोडून माझ्याकडे बघत राहिल्या, जणू माझ्याच खिशात होती. तेव्हापासून ठरवलं. ज्याचं त्यानं उचलायचं. आपण बोट दाखवायचं आणि चहा पिऊन घरी जायचं." हे सगळं खरंच. पण मावशींचा चेहरा पाहिल्यावर मला वाटलं, तुम्ही निम्मंच सांगितलंत.

तेव्हापासून सगळे रविवार आपलेच. क्रिकेटच्या मैदानावर नवऱ्या मुलाची साखरपुड्याची अंगठी. कसब्यात एका आजोबांच्या चाव्यांचा जुडगा, जो त्यांच्याच कुंडीत निघाला. तुम्ही मला 'अहो'वरून 'अगं'वर कधी आणलंत ते कळलंही नाही. एकदा जीपमधून दोन जाडजूड माणसं आली, कुठल्याशा गढीतलं गुप्तधन काढायचं म्हणाली. तुम्ही पाटीकडे बोट केलंत. ती ऐकेनात, तर म्हणालात, "ज्याचं हरवलंय त्याला घेऊन या. मग बघू." ती निमूट गेली.

काकू आपल्याला रविवारी निघताना पाहून म्हणायच्या, "निघाले झाडू घेऊन. घरचं एकदा झाडलं असतंत तर माझ्या चार सुया-टाचण्या तरी मिळाल्या असत्या." आणि तरी डब्यात तीन माणसांच्या पोळ्या असायच्या. तुम्ही म्हणायचा, सवय आहे तिची, मोजता येत नाही. अमोल परदेशी गेल्यापासून ती तिसऱ्या माणसाची पोळी उरत होती, हे मला काकूंनीच पुढे सांगितलं.

मग यंदा श्रावणात तुम्ही जाहीर केलंत, अमोलला आणखी एक ताटली आणायला सांगणार. एकच. आपल्या यंत्राला त्याच कंपनीची, त्याच जोडाची लागते, इथे मिळत नाही, तेव्हा नीट विचार करून सांगायचं. मी विचार केलेलाच होता. परात. मोठी चकती खोलवर ऐकते, एका फेऱ्यात जास्त जमीन झाडते, आपली निम्मी कामं तर मोकळ्या शेतांवरची. तुमचे गुडघे दुखतात, फेऱ्या कमी होतील.

"आणि खांदा?" तुम्ही म्हणालात. "परात दांडीच्या टोकाला लावून दिवसभर हलवायची म्हणजे खांदा काय तुझी कंपनी देणार?"

"मी धरीन ना."

"तू धर. आणि आपल्या जमिनीचं काय? हा सगळा काळा पाषाण. परातीला दगडही ऐकू येईल, खिळाही ऐकू येईल, सगळं एकदमच ऐकू येईल. मंडईत उभं राहून एकाशी बोलण्यासारखं आहे ते. बशी कशी, एका वेळी एकाचंच ऐकते. खिळ्याच्या शेजारी काय पडलंय ते खिळ्याला बाजूला ठेवून सांगते."

"पण वीतभर खोलसुद्धा धड जात नाही ती."

"सोनं काय विहिरीत पडलंय?"

असे आपण दर रविवारी. मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत बसून आपल्या सगळ्या मोहिमांचा तक्ता केला. कुठे गेलो, जमीन मोकळी होती की कचऱ्याची, वस्तू किती खोल होती. रंगसुद्धा भरले. परातीची बाजू हिरवीगार दिसत होती. तुम्ही तो कागद हातात धरून, चष्मा वर-खाली करत, मन लावून वाचलात. मला वाटलं, जिंकले.

"छान आहे," तुम्ही म्हणालात. "ही सापडलेल्यांची यादी. न सापडलेल्यांची कुठेय?"

"तसं एकच आहे," मी म्हटलं. "ते जाऊ द्या."

"का जाऊ दे?"

मला ते नको होतं, काका. आईची वेढणी मी मनात कुठेतरी खोल ढकलून दिली होती आणि तुम्ही तिथेच उकरत होता. मी वैतागले. वैतागात माणूस नेमकं जे बोलू नये तेच बोलतं. मी म्हटलं, "खरं सांगा ना. तुम्हाला हल्ली बारीक आवाज ऐकू येत नाहीत, म्हणून हवीय तुम्हाला सोपी बशी."

ज्या माणसानं चाळीस वर्षं रेडिओला कान लावून बिघाड ओळखले, हेडफोन म्हणजे कानाचा अपमान असं जो म्हणायचा, त्याला मी हे म्हणाले. तुम्ही तक्त्याची नीट घडी केलीत, खिशात ठेवलीत. "बरं," एवढंच म्हणालात. पुढचे दोन रविवार तुमचा फोन आला नाही. मीही केला नाही. मनात म्हणत होते, राग शांत होऊ दे, मग जाऊन माफी मागू, बशी तर बशी म्हणू. तिसऱ्या रविवारी फोन आला, तो काकूंचा.

माफी राहिली. रोज कंपनीच्या बसमध्ये बसून मी ती तुमच्याकडे मागते आणि रोज तुम्ही म्हणता, "बरं." मला त्यानं बरं वाटत नाही.

चौदाव्याच्या दिवशी अमोलला मी विचारलं, बाबांनी बशीचं कधी सांगितलं? तो म्हणाला, "केव्हाच. जुलैतच मागवून ठेवली होती मी. तुमच्या सोसायटीत मागच्या जागेत पार्किंगचे ब्लॉक बसवणार म्हणे, ते कळलं त्याच दिवशी बाबांचा फोन आला. दिवाळीला येताना आण म्हणाले."

ब्लॉक बसणार हे तुम्हाला मीच चहा पिताना सहज सांगितलं होतं. पण जुलैत मागवून ठेवली होती, तर श्रावणापासून माझ्याशी भांडत कशाला होता? मी हे मोठ्यानंच विचारलं असणार, कारण काकू म्हणाल्या, "अगं, त्यांना वाद घालायला कुणीतरी लागायचं. अमोल तिकडे. माझ्याशी घालून उपयोग नव्हता, मी हो म्हणते."

मग त्यांनी तुमची वही आणून दिली. मला वाटायचं तुम्ही तीत फक्त पत्ते लिहिता. प्रत्येक पानावर नाव, वस्तू, जागा आणि खाली तेच एक वाक्य: 'ज्याचे त्याने उचलले.' माझ्या पानावर ते वाक्य नव्हतं. तिथे तुमच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'चूक माझी. चमकीच्या पुड्यांचा आवाज नको म्हणून गाळणी चढवली. पातळ सोन्याचा आवाज पुडीसारखाच असतो. पुड्यांबरोबर तिची वेढणीही गाळली गेली. तिला सांगितले नाही. सांगणे.' 'सांगणे'खाली दोन रेघा होत्या.

म्हणजे त्या दिवशी तुमचं यंत्र माझ्या वेढणीवरून गेलं असेल आणि तुम्हीच त्याला गप्प बसवलं होतंत. ते तुम्हाला केव्हा उमगलं, देव जाणे. खाली नुसते गुरुवार लिहिलेले होते. पानभर गुरुवार, मग पानाला चिकटवलेल्या कागदांवर गुरुवार, आणि प्रत्येकापुढे 'नाही'.

घरी आल्यावर मी आमच्या वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, "ते यंत्रवाले काका? ते येतेत की गुरुवारचे. तुमी हापिसात असता तवा. लाइट नसती ना गुरुवारी, डीपी बंद असती, यंत्राला नीट ऐकू येतं म्हणायचे. तुमाला सांगू नको म्हनले हुते."

तुमचं दुकानही वीज नाही म्हणून गुरुवारी बंदच असायचं. सहा वर्षं, काका. गाळणी पूर्ण उघडून, तो सगळा केकाट ऐकत, ताटलीनं एकेक हात जागा. ताटलीला खिळे आणि सोनं वेगळं करता येईना, म्हणून बशी. आणि मी तक्ते रंगवत होते.

काल गुरुवार होता. सोमवारी ब्लॉकचा ट्रक येणार आहे. मी रजा काढली आणि यंत्र घ्यायला पेठेत आले. काकू दारातच उभ्या होत्या, चपला घालून, हातात डबा. "मी येते," म्हणाल्या. सहा वर्षांत आपल्याबरोबर कधीही न आलेल्या काकू रिक्षात माझ्या शेजारी बसल्या आणि बिबवेवाडी येईपर्यंत दांडी त्यांनी मांडीवर आडवी धरून ठेवली.

डीपी गप्प होती. मी बशी लावली, गाळणी पूर्ण उघडली, तुमच्यासारखीच हेडफोनशिवाय. वॉचमननं काकूंना खुर्ची आणून दिली. पहिला तास खिळे. मग झाकणं. मग पुड्या, इतक्या पुड्या की माझ्या कानात फक्त त्यांचाच आवाज राहिला. प्रत्येक पुडी मी उकरून काढत होते, कारण तुम्ही लिहिलं होतं, पुडीसारखाच आवाज. दुपारी काकूंनी डबा उघडला. तीन माणसांच्या पोळ्या होत्या. आम्ही दोघींनी त्या संपवल्या.

चारच्या सुमाराला भिंतीकडेला, एका वाकलेल्या खिळ्याला अगदी लागून, एक बारीक आवाज आला. बशी तिरकी धरली तर खिळा वेगळा बोलला आणि तो वेगळा. चार बोटं माती काढली. आधी खिळा निघाला. मग ती. मातीत उभी रुतलेली, अर्धी बाहेर, दोरा कधीच कुजून गेलेला.

माझा हात पुढे झाला आणि तिथेच थांबला. सवय, काका. मनगटावर चापट बसेल असं वाटलं. वस्तू माझी होती, हे ठाऊक असूनही मला हात लावता येईना. मी नुसती बसून राहिले.

काकू खुर्चीवरून उठल्या. गुडघ्यावर हात ठेवत माझ्या शेजारी आल्या, वाकल्या आणि मातीकडे बोट दाखवलं. "घे," म्हणाल्या. "तुझी आहे का बघ."

माझीच आहे.

वहीतल्या माझ्या पानावर मी ते राहिलेलं वाक्य लिहिलं आहे. अक्षर तुमच्याइतकं सुबक नाही. परातीचं मात्र मी मागे घेत नाही, शेतांना परातच हवी, ते आपण नंतर बघू. आणि कानांचं जे मी बोलले होते, त्यावर मी खूप विचार केला. तुम्हाला ऐकू येत नव्हतं हे खरंच होतं. सहा वर्षांपूर्वी उन्हं उतरताना, त्याच भिंतीपाशी, मी तुम्हाला अगदी स्पष्ट म्हटलं होतं, "जाऊ द्या काका." ते तुम्हाला कधीच ऐकू आलं नाही.